ओव्याचा भुसा

ओवा विकत घेताना मी दुकानदाराशी भांडते. कारण काही लागत नाही. जुन्या जालन्यात, जिथं रिक्षावाले आरशाला आरसा घासत वाट काढतात आणि धान्याच्या दुकानांसमोर हमाल पाठीवर पोती घेऊन "बाजू, बाजू" करत अंगावर येतात, तिथं माझं ठरलेलं किराणा दुकान आहे. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला ओवा मी चिमटीत घेते, तळहातावर अंगठ्यानं चोळते, नाकाशी नेते आणि म्हणते, ह्यात काही दम नाही. दुकानदार गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देतो, की बाई, ओवा हाय तो, अत्तर न्हाई. मग मी तोच ओवा घेते. त्याला माहीत असतं आणि मलाही.

परवा पुन्हा तेच झालं. फाल्गुन लागलाय, उन्हाला आता धार यायला लागलीय, आणि सकाळी सकाळी ताईचा अंबडहून फोन आला. तिच्या लेकीला, मुक्ताला, बघायला पाहुणे येऊन राह्यलेत, तू ये, आणि येताना पाव किलो ओवा आण. मी म्हटलं, अंबडला काय ओवा मिळेनासा झाला का? तर म्हणाली, "आत्याबाई म्हणतात, रेणूनं आणलेलाच पाहिजे. पाहुण्यांच्या पुऱ्यात दुसरा टाकायचा न्हाई." आत्याबाई म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांनी सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. आमच्या दोन्ही घरांत ओव्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच, आणि तो त्यांना का मिळाला, हे सांगायचं तर मला माझ्या माहेरच्या, धावड्याच्या खळ्यात जावं लागतं. तसं मला रोजच जावंसं वाटतं. कारण मिळालं की बरं वाटतं.

ओव्याचा वास म्हणजे नुसता वास नाही. तो आधी नाकात शिरतो, मग कपाळात, मग डोळ्यांच्या मागं कुठंतरी जाऊन बसतो. गरम असतो आणि थोडासा कडूही. ज्यानं लहानपणी सर्दीत तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरलीय, त्याला तो वास आईच्या हाताचा वाटतो. माझी माय पुरचुंडीला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायची, त्यामुळं त्या वासात थोडं लुगडंही असायचं. छातीला शेक, पाठीला शेक, मग पुरचुंडी हातात द्यायची आणि म्हणायची, हुंगत पड. एवढं बोलून ती कामाला जायची. आजारपणाचे लाड आमच्याकडं एवढेच, पण पुरे व्हायचे.

आमच्या घरात ओव्याला नाही असं काम नव्हतं. गवारीच्या शेंगांना फोडणी ओव्याची, कारण गवार वातूळ. बेसनात ओवा, भज्यात ओवा, धपाट्याच्या पिठात ओवा, मेथीच्या मुटक्यात ओवा. पोट दुखलं की ओवा आणि काळं मीठ चावून वर गरम पाणी. कुणी बाळंतीण झाली की जेवण झाल्यावर ओवा-शेपा, आणि बाजेखाली शेगडीत ओव्याची धुरी. लेकरू रडायला लागलं की त्याच्या बेंबीभोवती ओव्याचा शेक. बैल फुगला तर ओवा, गूळ, हिंग ह्यांचा गोळा त्याच्या घशात घालायला दादा, म्हणजे आमचे वडील, कोपरापर्यंत हात घालायचे. दादांचा ओव्यावर एवढा भरवसा, की मी गणितात नापास झाले तेव्हा ते मला ओवा देतील की काय अशी मला शंका होती.

आता लोक बाल्कनीतल्या कुंडीत जाड, लवदार पानांचं एक झाड लावतात आणि त्याला ओवा म्हणतात. माझ्याकडंही आहे. त्याच्या पानांची भजी झकास होतात, मी नाही म्हणत नाही. पण तो पानओवा. बियांचा ओवा वेगळा. त्याचं झाड कोथिंबिरीच्या लांबच्या बहिणीसारखं, बारीक पानांचं, किडकिडीत, आणि त्याला पांढऱ्या फुलांच्या इवल्याशा छत्र्या येतात. हे मला ठाऊक आहे कारण एका वर्षी आमच्या रानात दुसरं काहीच दिसत नव्हतं.

जालना जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. वहीवर पत्ता लिहिताना आम्ही अजून सवयीनं जिल्हा औरंगाबाद लिहायचो आणि गुरुजी लाल शाईनं खोडायचे. मी नववीत होते. दादा भोकरदनच्या बाजारात कुणा ओळखीच्या माणसाशी बोलून आले आणि गणपतीच्या सुमारास विहिरीजवळच्या काळ्या रानात त्यांनी ओवा टाकला. ज्वारी नाही, हरभरा नाही, ओवा. गावाला हसायला विषय मिळाला. ओवा म्हणजे चिमटीनं घ्यायची वस्तू, ती कुणी वावरभर पेरतं का? पारावर कुणीतरी दादांना विचारलं, की औंदा साऱ्या जिल्ह्याचं पोट दुखणार हाय का? दादांनी पगडीसारखा गुंडाळलेला रुमाल सोडून पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, तुमचं तं आत्ताच दुखून राह्यलंय. पार हसला. पण घरी आल्यावर दादांनी जेवताना अर्धी भाकरी ताटातच ठेवली.

थंडीत ते रान फुललं आणि सगळ्यांची बोलती बंद झाली. सगळीकडं पांढरं. धुई उतरली तर कुठं धुई संपते आणि कुठं ओवा सुरू होतो हे कळायचं नाही. मधमाश्यांची नुसती गुणगुण. शेजारच्या बांधावरची शेळी एकदा चरायला आली, एक तोंड मारलं, मान झटकली आणि जी गेली ती परत त्या बाजूला फिरकली नाही. राखण करायची गरजच नव्हती. ताई आणि मी दुपारी बांधावर बसून हिरव्या ओव्याच्या छत्र्या दातांनी कुरतडायचो आणि जीभ बधिर झाली की एकमेकींना बोलून दाखवायचो. ताई तेव्हा बारावी झालेली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि तिला त्या विषयावर बोलायचं नसलं, की ती तोंडात ओवा टाकायची आणि जीभ बधिर झाली म्हणून खूण करायची.

माघ सरता सरता ओवा काढायला आला. तो पहाटे कापायचा, दहिवर असेपर्यंत, नाहीतर ऊन लागलं की बी झडून मातीत जातं. मग खळ्यात वाळवायचा, काठीनं बडवायचा आणि वारा बघून उपणायचा. उपणायच्या कामाला मात्र जो गेला तो रडत आला. ओव्याचा भुसा ज्वारीच्या भुशासारखा नाही. तो बारीक, खसखशीत आणि सगळा त्या वासानं भरलेला. नाकाला पदर बांधा, डोक्याला बांधा, डोळ्यांना काय बांधणार? संध्याकाळी घरातले सगळे एखाद्या मयतीहून आल्यासारखे दिसायचो. आणि त्यातली मोठी गोम अशी, की डोळे धुवायला गेलं तर हातालाच ओवा लागलेला. जेवढं धुवावं तेवढं जास्त झोंबतं.

अशा ऐन उपणणीत पाहुणे आले.

स्थळ मामानं आणलं होतं. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. जालन्यात राहायचा, लोकांची लग्नं जमवायची त्याला भारी हौस, आणि जमवताना तो बोलायचा फार. मुलगा अंबडच्या कोर्टात कारकून. वडील नाहीत, घरात आई आणि तो. मूळचे शेतकरीच, पण दोन पिढ्या अंबडात राहून शहरी झालेले. म्हणून मामानं त्यांना ठोकून दिलं होतं, की आमची पोरगी घरातच वाढलीय, तिच्या पायाला मातीचा डाग न्हाई. हे बोलून झाल्यावर त्यानं आम्हाला सांगितलं. माय म्हणाली, अरे पण ती खळ्यात असती. मामा म्हणाला, आयतवारी नसंल म्हंजे झालं, पाहुणे आयतवारी येणार.

पाहुणे शनिवारी आले. कोर्टाला सुट्टी निघाली आणि मुलाच्या आईनं म्हटलं, जाऊनच येऊ. मामाला त्यांनी जालन्यातून बरोबर घेतलं. धावड्याला एस.टी.तून उतरल्या उतरल्या मामानं एका पोराला शेताकडं पिटाळलं आणि स्वतः पाहुण्यांना गावातल्या मारुतीचं दर्शन घडवत बसला. मारुती काही एवढा मोठा नाही. किती वेळ दर्शन घेणार?

आम्ही गल्लीच्या मागच्या बाजूनं घरात शिरलो. ताईनं केसातला भुसा झटकला, घाईघाईनं तोंड धुतलं, आणि तिथंच घात झाला. हातच ओव्याचे. साबण लावला तर साबणालाही ओवा. निळी साडी नेसून ती उभी राहिली तेव्हा तिचे डोळे कुंकवासारखे झाले होते आणि पापण्या सुजलेल्या. मायचे डोळे तसेच. माझे तसेच, वर नाकही गळत होतं. घरभर वास. मायनं हुशारी केली, की पुऱ्यांच्या पिठात मूठभर ओवा टाकला, म्हणजे वास पुऱ्यांचा आहे असं वाटावं. त्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं, पण तिनंच आमची खरं सांगायची उरलीसुरली वाट बंद केली.

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या आईचा चेहरा रुंद, कपाळ मोकळं, नजर सरळ. ताई पोह्यांची बशी घेऊन आली. बशी तिच्या हातात अगदी स्थिर होती, पण डोळ्यांतून पाणी असं वाहत होतं की ते गालावरून हनुवटीला येऊन थांबत होतं. तिनं पुसायला हात वर केला आणि आठवून परत खाली घेतला. मुलानं एकदाच वर पाहिलं. आपल्यापुढचा पाण्याचा पेला उचलून त्यानं तिच्या बाजूला सरकवला, कुणाच्या लक्षात येऊ नये असा.

त्याच्या आईनं विचारलं, "पोरी, रडलीस का गं?"

"न्हाई," ताई म्हणाली, आणि दोन टपोरे थेंब पोह्यांच्या बशीत पडले.

तिथं एवढंच म्हणायचं होतं, की बाई, ओवा आहे. पण म्हणणार कोण? ओवा म्हटलं की खळं आलं, खळं म्हटलं की मातीचा डाग आला. मामा आमच्याकडं डोळे वटारून बघत होता. माय पदर तोंडाला लावून उभी, तिच्याही डोळ्यांना धार. मी एका कोपऱ्यात फुसफुस करतेय. दादा तेवढ्यात बाहेरून आले, पाहुण्यांना राम राम घातला आणि उपरण्यानं डोळे पुसले. पाहुण्या बाईंनी आमच्याकडं एकेक करून पाहिलं. मग त्यांनी पुरी अर्धी खाल्ली, पाणी पिलं, आणि फार काही न बोलता निघाल्या.

दोन दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. मुलाची आई म्हणते, पोरगी गुणाची दिसते, पण तिच्या मनात न्हाई. सारं घर रडून राह्यलं व्हतं. जबरदस्तीनं उभ्या केलेल्या पोरीला मी घरात आणणार न्हाई. मामानं वर आपलं मत जोडलं, की बाई जरा विचित्रच हाय, जाऊ द्या, दुसरं बघू.

दुपारी खळ्यात आम्ही दोघी काठ्या घेऊन बसलो होतो, तेव्हा ताई मला म्हणाली, त्यानं पाणी सरकवलं व्हतं. मी म्हटलं, हो, मी पाहिलं. एवढंच. त्या दिवशी वारा पडलेला होता, उपणणी बंद होती, भुसा सगळा जागच्या जागी होता, आणि तरी ताईचे डोळे भरून आले. पहिल्यांदा मला भीती वाटली. तोवर मला लग्न म्हणजे पाहुणे, पोहे आणि आमची गंमत वाटत होती.

संध्याकाळी दादा ओसरीवर बसले होते, मामाही होता, आणखी एक स्थळ सांगत होता. ताई दारात येऊन उभी राहिली. आमच्याकडं मुली असल्या बोलण्यात पडत नसत.

"दादा, मी खळ्यात व्हते हे त्यांना सांगा," ती म्हणाली. "शेतात राबणारी सून नको असंल तं नको म्हणू द्या, मला चालंल. पण मनात न्हाई म्हणून नको म्हणताहेत, ते खोटं हाय."

मामा म्हणाला, अगं माझी काय इज्जत राहील? दादांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते ताईकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "रेणू, उद्या शाळा बुडवायची. अंबडला जायचं."

दादांनी सोबत ओवा घेतला, पण निवडलेला नाही. बडवून झालेला, भुशासकट, एका पोतडीत बांधून घेतला. भोकरदनला एक गाडी बदलली, जालन्याला दुसरी. अंबडच्या गाडीत आमच्याभोवतीची माणसं हळूहळू दूर सरकली आणि आम्हाला दोघांना ऐसपैस जागा मिळाली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता तीनदा शिंकला. दादांना वाटेत काही सुचत नव्हतं, ते सारखे म्हणत, काय बोलायचं गं? मी म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, ते तं सांगायचंच, पण सुरुवात काय करायची?

सुरुवात करावीच लागली नाही. अंबडच्या बाईंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, पाणी दिलं. दादांनी पोतडी अंगणात ठेवली, गाठ सोडली आणि म्हणाले, घरात सूप असंल तं द्या. त्यांनी सूप आणलं. दादांनी त्यात दोन ओंजळी टाकल्या आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही तुमच्या हातानं पाखडून बघा. माझी पोरगी त्या दिवशी सकाळपासून हेच करून राह्यली व्हती. तिच्या पायाला माती लागती, रोज लागती. मेव्हण्यानं तुम्हाला खोटं सांगितलं आन् आम्ही चूप बसलो. पण रडणं खोटं व्हतं. तिच्या मनात हाय."

बाईंनी पदर खोचला, सूप हातात घेतलं आणि पाखडायला लागल्या. हात शेतकऱ्याचेच, लगेच कळलं. मनगटाचा झटका बराबर. पहिल्या चार झटक्यांत काही नाही. मग भुसा उडाला. वारा नेमका त्यांच्याकडं. त्यांनी नाक आवळलं, मान फिरवली, एक शिंक दिली, मग लागोपाठ शिंकाच शिंका. सूप खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. मी ओरडलेच, की हात लावू नका, पण उशीर झाला होता. त्या पायरीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

नेमका त्याच वेळी मुलगा जेवायला घरी आला. फाटकातून आत येऊन बघतो तर काय, आई पायरीवर बसून रडतेय, समोर मुलीचा बाप हात जोडून उभा, आणि एक नाक गळणारी पोर. त्याचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, आम्ही भांडायला आलो.

तो आईजवळ गेला. "आई, रडलीस का?"

"न्हाई रे," त्या म्हणाल्या, आणि दोन थेंब त्यांच्या मांडीवर पडले.

म्हटल्या आणि थांबल्या. आपणच काय बोललो हे त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी दादांकडं पाहिलं, सुपाकडं पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. काय ते हसणं! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंकताहेत आणि हसताहेत. शेजारीण कुंपणावरून डोकावली, काय झालं ते तिला कुणालाच सांगता येईना. दादाही हसले, त्या वर्षात त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मुलगा मात्र एकटाच गंभीर उभा होता. शेवटी सगळं कळल्यावर त्यानं विचारलं, की मग त्यांच्या मनात हाय? हे बोलून तो कानापर्यंत लाल झाला आणि न जेवताच कोर्टात परत गेला. तेच आमचे दाजी.

लग्न वैशाखात झालं. पाठवणीच्या वेळी ताई रडेना. गावातल्या बायका कुजबुजायला लागल्या, की काय बाई पोरगी, डोळ्याला टिपूस न्हाई. तर सासूबाई, म्हणजे आता आत्याबाई, मोठ्यानं म्हणाल्या, ओवा आणा गं कुणीतरी. सगळा मांडव हसला आणि तेव्हा कुठं ताई रडली, खरं खरं, मायच्या गळ्यात पडून.

तेव्हापासून दोन्ही घरांत एक रीत पडली. कुणाचे डोळे ओले दिसले की विचारायचं, ओवा का? आणि त्यानं म्हणायचं, ओवाच. पुढं खोदायचं नाही. माय गेली तेव्हा दादा महिनाभर ओसरीवर बसून "ओवाच, ओवाच" म्हणत राहिले. आम्ही शेजारी जाऊन बसायचो. आता दादा थकलेत, रान वाट्यानं दिलंय, आणि वाटेकरी कापूस लावतो. म्हणून मला ओवा विकत घ्यावा लागतो आणि म्हणून मी दुकानदाराशी भांडते. त्याचा काही दोष नाही. त्याच्या ओव्यात आमचं खळं नाही, एवढंच.

ओव्याची मला एक गोष्ट आवडते. तो कधीच मुख्य पदार्थ होत नाही. त्यानं पोट भरत नाही, पण भरलेल्या पोटाला तो त्रास होऊ देत नाही. घरात अशी माणसं असतात. आत्याबाई तशा. ताईच्या संसारात त्या फार बोलत नाहीत, पण जिथं काही जड जायला लागतं तिथं त्या चिमूटभर असतात.

तर परवा मी ओवा घेऊन अंबडला गेले. आत्याबाई आता वाकल्यात, पण नजर तशीच सरळ. त्यांनी पुडी उघडून ओवा ताटलीत ओतला, चोळून पाहिला आणि म्हणाल्या, बरा हाय. पुऱ्यांचं पीठ भिजवून झालं. पाहुणे यायला वेळ होता. तेवढ्यात त्यांनी ताईला बाहेर काहीतरी आणायला पाठवलं, मुक्ताला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी आतच होते, मला त्यांनी राहू दिलं.

त्यांनी नातीला सरळ विचारलं, की तुझ्या मनात हाय का? मुक्तानं आधी ओढणीचं टोक गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, मुलगा वाईट न्हाई आजी, पण मला बी.एड. पुरं करायचंय, आत्ता न्हाई. आईला सांगितलं तर ती म्हणते, नुसतं बघायला येऊन राह्यलेत. आत्याबाईंनी मान हलवली. पुऱ्या करू, म्हणाल्या, पाहुण्यांना पोटभर खाऊ घालू, आणि मग मी बोलते.

तसंच झालं. पाहुणे आले, पुऱ्यांची तारीफ झाली, आणि चहाच्या वेळी आत्याबाईंनी इतक्या गोड आवाजात, इतक्या मानानं त्यांना सांगितलं की पोरीचं शिक्षण होऊ द्या, तोवर तुमच्या पोराला थांबवून ठेवू नका, की ती माणसं जाताना त्यांच्या पाया पडून गेली. ताई जरा घुश्शात होती. भांडी जोरात वाजत होती. दाजी मात्र मिशीत हसत होते आणि कुणाच्या लक्षात येऊ नये असा त्यांनी लेकीकडं पाण्याचा पेला सरकवला.

ऊन उतरल्यावर मी आणि आत्याबाई पायरीवर बसलो. त्याच पायरीवर. उरलेल्या ओव्याची ताटली त्यांच्या मांडीवर होती, बरणीत भरायच्या आधी त्या उगाच बोटांनी चाळत होत्या. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं, की आत्याबाई, त्या दिवशी ताईला रडताना पाहून तुम्ही उठून गेलात. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पोरी रडतातच.

त्यांची बोटं ओव्यात फिरत राहिली.

"मला बघायला आले तवा मी रडले व्हते," त्या म्हणाल्या. "मला शाळा सोडायची न्हवती. सगळ्यांनी पाहिलं गं, पाहुण्यांनी, घरच्यांनी. कुणी विचारलं न्हाई. पुढं संसार चांगला झाला, माणूस देवासारखा व्हता, तक्रार काही न्हाई. पण विचारायला पाहिजे व्हतं."

आत मुक्ता मोबाइलवर मैत्रिणीला काहीतरी सांगून हसत होती. आत्याबाई त्या हसण्याकडं कान देऊन बसल्या होत्या. मग त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"ओवा का, आत्याबाई?" मी विचारलं.

"ओवाच."

दुकानातला ओवा तो, यंत्रानं साफ केलेला. मी सकाळीच पाखडून पाहिला होता, भुशाचा कण नव्हता त्यात. मी त्यांच्या मांडीवरची ताटली उचलून बाजूला ठेवली आणि त्यांना खेटून बसले.